जुन्या जीपमध्ये साऊंड बसवताना: आधी अर्थ, मग आवाज

कोल्हापुरात ‘साऊंड’ म्हटलं की मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत डोळ्यांपुढे उभी राहते. त्यामुळे माझ्या १९९६ च्या महिंद्रा एमएम ५४० जीपमध्ये मी स्पीकर बसवतोय म्हटल्यावर प्रत्येकानं एकच विचारलं, “किती वॅटचं?” अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची जोडणी) कुठे घेतोस, असं विचारणारा एकच निघाला. ते म्हणजे आमचे उद्यमनगरातले वायरमन काका, आणि त्यांचंच बरोबर होतं.

आधी गाडी कशी आहे ते सांगतो. ताडपत्रीचं हूड, रेक्झिनची दारं, सरळ पत्र्याचा डॅशबोर्ड आणि प्यूजो घराण्यातलं २.१ लिटरचं डिझेल इंजिन. चौथ्या गिअरमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. हिच्यात मी दोनदा साऊंड बसवला. पहिल्यांदा सगळं चुकलं. पुढे जे लिहिलंय ते दुसऱ्या वेळचं. जिप्सी, बोलेरो, सुमो किंवा जुनी थार असेल तरी यातलं बरंचसं लागू पडेल. पत्र्याच्या टपाच्या गाडीला जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगतो.

पहिल्यांदा शहरातल्या एका दुकानात गाडी लावली. तीन तासांत चार स्पीकर, एक अँप्लिफायर (अँप) आणि खोक्यावर छापलेले बाराशे वॅट घेऊन बाहेर पडलो. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी यायची, आणि जसा पाय दाबेल तशी ती चढायची. म्हटलं, असेल. दुसऱ्या पावसाळ्यात गगनबावड्याला जाताना केबिनमध्ये जळका वास आला. बॅटरीवरून अँपला आलेली वायर फ्यूज न घालताच ओढलेली होती. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला नुसतं भोक पाडून ती आत घेतली होती, त्या भोकाच्या धारेवर वर्षभर घासली होती आणि आता पत्र्याला टेकत होती. बॅटरीचं टर्मिनल हातानं उपसून काढलं म्हणून गाडी वाचली. घरी पोचेपर्यंत साऊंडचं नाव काढलं नाही.

सुरुवात मल्टिमीटरनं

स्पीकर बघायला जाण्याआधी मल्टिमीटर घ्या. साधा, डिजिटल, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो तो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी भरलेली आहे. इंजिन चालू करा, १३.८ ते १४.४ दिसायला पाहिजे. आता हेडलाईट, वायपर, सगळं चालू करून इंजिन थोडं चढवा. आकडा १३ च्या खाली घसरत असेल तर आधी ऑल्टरनेटर नाहीतर त्याचा पट्टा बघून घ्या. जुन्या जीपांचे ऑल्टरनेटर लहान असतात. त्यावरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. नुसते दोन हेडलाईटच नऊ-दहा अँपिअर खातात, हे लक्षात घेऊन पुढचा हिशोब करायचा.

आता अर्थ. जीपची बॉडी चेसिसवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, रबरी गाद्यांवर बसवलेली असते. म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला असली, तरी बॉडीपर्यंतचा रस्ता दोन-चार गंजक्या बोल्टांतून जातो. नवीन असताना हे चालून जातं, तीस वर्षांनी नाही. तपासायला सोपं आहे. हेडलाईट चालू ठेवा, मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी डॅशबोर्डच्या खरवडलेल्या पत्र्यावर धरा. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक आहे. माझ्या गाडीत ०.७ आलं. म्हणजे दिव्यांचा करंट परत जाताना धडपडत होता, आणि त्याच रस्त्यानं मी अँपचा करंट पाठवणार होतो.

काकांनी गाडीखाली वाकून जुन्या दुकानदारानं घेतलेला अर्थ बघितला. सीटच्या रंगवलेल्या ब्रॅकेटला पत्र्याचा स्क्रू मारून त्यात वायर अडकवली होती. “रंगातनं करंट जातोय व्हय रे?” एवढंच बोलले आणि माझ्या हातात पॉलिश पेपर दिला. मी घासून दाखवलं. “घास अजून.” पुन्हा घासलं. “तोंड दिसंस्तवर घास.” रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा चकचकीत झाल्यावर त्यांनी तिथे आरपार भोक पाडलं. मग नट-बोल्ट, दातेरी वॉशर आणि वायरला नीट दाबून बसवलेलं थिंबल (भोक असलेलं धातूचं टोक). घट्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिनचा थर. आधी व्हॅसलिन आणि मग बोल्ट असं करू नका. धातूला धातू भिडला पाहिजे, गंज बाहेर राहिला पाहिजे. त्यानंतर बॉडी ते चेसिस आणि चेसिस ते इंजिन अशा तांब्याच्या जाळीदार पट्ट्या टाकल्या. ०.७ चं ०.०५ झालं. हेडलाईट आधीपेक्षा पांढरे दिसायला लागले, हा फुकटचा फायदा.

एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या अजून बाजारात फिरतात. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर डॅशबोर्डखालच्या एखाद्या वायरचं टोक इंचभर सोलून बघा. तांबं लालसर असेल तर चांगलं. काळं पडलं असेल किंवा हिरवट पावडर झडत असेल तर पाणी वायरच्या आतून चढलेलं आहे. अशा वायरला नवीन टेप (गाणी वाजवणारा स्टिरिओ) जोडू नका, बॅटरीपासून नवीन लाईन ओढा.

वॅटचा खरा हिशोब

टेपच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिलेलं असतं. गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात. त्या व्होल्टेजवर ४ ओहमच्या स्पीकरला टेपच्या आतलं अँप गणितानंसुद्धा २६ वॅटच्या वर स्वच्छ पॉवर देऊ शकत नाही. प्रत्यक्षात पंधरा ते वीस मिळतात. उरलेले वॅट खोक्यावरच राहतात. म्हणून विचारायचं ते ‘आरएमएस (म्हणजे सलग मिळणारी खरी पॉवर) किती?’ एवढंच. ‘मॅक्स’ आणि ‘पीक’ ऐकलं की कान बंद करायचे.

त्याहून महत्त्वाचा आकडा खोक्याच्या मागे बारीक अक्षरात असतो, सेन्सिटिव्हिटी. एका वॅटला एका मीटरवर किती डेसिबल, याचा तो आकडा. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. ८७ डेसिबलचा स्पीकर ६० वॅटवर जेवढा वाजेल तेवढाच ९३ चा १५ वॅटवर वाजतो. डिझेल जीपमध्ये जिथे इंजिन, टायर आणि वारा मिळून गोंगाट करतात, तिथे ९० च्या खालचा स्पीकर मी हातातही धरणार नाही, मग ब्रँड कुठलाही असो.

अँप लागतंच का? नुसतं शहरात फिरायचं असेल तर चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर टेपवरच चालतात. हायवेला मात्र आवाज वाढवला की टेपचं अँप फाटतं, आणि फाटका आवाज कानाला टोचतो. मी क्लास डीचं छोटं चार चॅनेलचं अँप घेतलं, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस. हिशोब असा: एकूण २०० वॅट, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून २५० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला साधारण १८ अँपिअर, तेही चारी चॅनेल पूर्ण ताणले तरच. गाणी वाजताना सरासरी याच्या बरीच खाली राहते. जुन्या क्लास एबी जातीचं अँप याच कामाला पंचवीस-तीस अँपिअर मागतं आणि तापतं. लहान ऑल्टरनेटरच्या गाडीत ते नको.

वायर ओढताना

बॅटरी ते अँप चार मीटर धरा. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमधून १८ अँपिअर गेले तर अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. १० चौरस मिलिमीटरची घेतली तर जेमतेम ०.१२. म्हणून १० ची घ्या, आणि शुद्ध तांब्याचीच. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर जाड आणि स्वस्त मिळते. ब्लेडनं एक तार खरवडा, आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर परत द्या.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. अँपजवळचा फ्यूज अँपला वाचवतो, गाडीला नाही. मधली वायर घासून पत्र्याला टेकली तर तिला वाचवणारा फ्यूज तिच्या आधीच असायला पाहिजे. माझ्या गाडीत ३० अँपिअरचा आहे. पत्र्यातून वायर नेताना भोकाला ग्रोमेट (धारेवर बसणारी रबरी रिंग), वायरवर नालीदार स्लीव्ह आणि प्रत्येक वीतभर अंतरावर टाय. सायलेन्सर आणि स्टेअरिंगच्या दांड्यापासून लांब. हे काम चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली असू द्या. आणि पत्र्याला ड्रिल लावण्याआधी पलीकडे काय आहे ते वाकून बघा. काही जुन्या जीपांत ड्रायव्हरच्या सीटखालीच डिझेलची टाकी असते.

पॉवरची वायर एका बाजूनं आणि टेपकडून अँपकडे जाणारी सिग्नलची केबल दुसऱ्या बाजूनं न्या. दोन्ही एकमेकांना छेदणारच असतील तर काटकोनात छेदू द्या. ती ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी बहुतेक वेळा इथूनच येते, नाहीतर टेप आणि अँपचे अर्थ दोन वेगळ्या, खराब ठिकाणी घेतल्यामुळे येते. लोक त्यावर फिल्टर विकत घेतात. मीही घेतला होता. अर्थ नीट केल्यावर तो काढून टाकला, फरक शून्य.

स्पीकरला घर पाहिजे

स्पीकरचा पडदा पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ओढली जाते. पुढची आणि मागची हवा एकमेकांना भेटली की खालचे सूर तिथेच विरतात. स्पीकर हातात धरून वाजवून बघा, पत्र्याच्या डब्यासारखा वाजेल. तोच खोक्यात बसवा, भरलेला वाजेल. बंद दाराच्या गाडीत दार हे खोकं होतं. आमच्या जीपला दारंच रेक्झिनची, मग खोकी बनवावी लागली.

जागा शोधण्यात दोन रविवार गेले. रोल बारवर पॉड लावले की कानाजवळ वाजतात, पण ऊन आणि पाऊस दोन्ही थेट, आणि गाडी उभी केली की चोराला आमंत्रण. मागच्या चाकाच्या कमानीवर लावले तर बाकावर बसणाऱ्यांचे गुडघे आपटतात. शेवटी डॅशबोर्डखाली दोन्ही टोकांना, पायांच्या बाहेरच्या बाजूला जागा निघाली. आधी पुठ्ठ्याची खोकी करून बसवली आणि आठवडाभर तशीच गाडी चालवली. क्लचचा पाय अडतो का, हँडब्रेक ओढताना हात लागतो का, हे चालवल्याशिवाय कळत नाही. डावीकडचं खोकं मला दोन बोटं आत घ्यावं लागलं.

मग १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय. आतलं माप ३० बाय २० बाय १२ सेंटिमीटर, म्हणजे सात लिटरच्या जरा वर. सव्वापाच इंची स्पीकरला पुरेसं. तोंड वर आणि आत, समोरच्या माणसाच्या छातीकडे वळवलेलं. सांधे पाण्याला टिकणाऱ्या गोंदानं आणि स्क्रूनं जोडले, आतून सिलिकॉन फिरवलं. आत जुन्या उशीतला पॉलिस्टरचा कापूस सैल भरला. खरा कापूस भरू नका, आपल्या पावसाळ्यात तो ओला होऊन बसतो. बाहेरून सीटच्याच रंगाचं रेक्झिन कुशनवाल्याकडून चढवून घेतलं. खोक्याला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या उद्यमनगरात वाकवून आणल्या. असलं काम आपल्या गावात पायलीला पन्नास ठिकाणी होतं, त्याचा फायदा घ्या.

खोकं हवाबंद आहे का हे उदबत्तीनं बघितलं. ढोलकीचा ठेका जरा मोठ्यानं लावायचा आणि उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवायची. गळती असेल तिथे धूर ठेक्याबरोबर उडतो. उजव्या खोक्याच्या मागच्या कोपऱ्यात, वायर बाहेर येते तिथे, धूर नाचायला लागला. सिलिकॉनचा एक ठिपका दिला आणि त्या बाजूचा ठेका भरून आला.

स्पीकर निवडताना पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडा रबराची घ्या. कागदी पडदा ओल धरतो, फोमची कडा काही वर्षांत भुगा होते. कोॲक्सियल, म्हणजे मध्येच छोटा ट्विटर असलेला, जीपला बरा. वेगळे ट्विटर लावायला सपाट जागाच नसते. दारात बसवणार असाल तर काच पूर्ण खाली करून चुंबकाच्या खोलीचं माप घ्या. काच वर असताना माप घेऊन दार कापलेले लोक मी बघितलेत.

टपाच्या गाडीत दाराच्या आतल्या पत्र्यावर ब्युटाइलचे फॉइलवाले शीट चिकटवा. पत्रा पूर्ण मढवायची गरज नाही. टकटक केल्यावर डब्यासारखा वाजणारा मधला भाग झाकला की पत्र्याची थरथर बसते. आधी थिनरनं पुसून कोरडा करा, लावल्यावर रोलरनं दाबा. गच्चीच्या गळतीला वापरतात ती डांबरी पट्टी लावू नका, एप्रिलच्या उन्हात ती वितळते आणि वास मारते. दाराच्या तळाची पाणी जाणारी भोकं उघडी ठेवा, नाहीतर दार आतून सडेल.

सबवूफर? पत्र्याच्या बंद केबिनमध्ये खालच्या सुरांना केबिनच बळ देते, तिथे सीटखालचा आठ इंची वूफर मजा आणतो. ताडपत्रीतून बेस सरळ बाहेर जातो आणि तो ऐकतो मागचा स्कूटरवाला. मी लावला नाही.

जोडणी

टेपच्या वायरचे रंग बहुतेक कंपन्यांचे सारखे असतात. पिवळी बॅटरीवर कायम, लाल किल्लीवर, काळी अर्थ, निळी-पांढरी अँपला चालू करणारी. पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. त्याच रंगावर काळी रेघ असेल तर ती निगेटिव्ह. जुन्या जीपमध्ये पिवळी आणि लाल एकत्र करून टाकतात, मग महिनाभर गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. वेगळ्याच ठेवा. वायर पिळून चिकटपट्टी गुंडाळणं ही जोडणी नव्हे. क्रिम्प (धातूच्या नळीत दाबून पक्की) किंवा सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा.

प्रत्येक स्पीकर जोडण्याआधी मीटरनं मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.६ दाखवतो. मग पेन्सिल सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर लावा. पडदा बाहेर यायला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर बेस गायब होतो आणि माणूस नवीन स्पीकर घ्यायला पळतो.

अँपवरचा ‘गेन’ हा आवाजाचा खटका नाही, हे काकांनी दोनदा सांगितलं तेव्हा मला कळलं. तो लावायचा असा: स्पीकर सोडवा. टेपचा बेस-ट्रेबल शून्यावर, आवाज तीन चतुर्थांश. मोबाईलवरून ४०० हर्ट्झचा टोन लावा. मीटर एसी व्होल्टवर करून अँपच्या स्पीकर टोकांवर धरा. ४० वॅट आणि ४ ओहम यांचा गुणाकार १६०, त्याचं वर्गमूळ १२.६. गेन हळूहळू फिरवा आणि १२.६ व्होल्ट आले की थांबा. ५० वॅटचं अँप असून ४० वर थांबलो, तो दहा वॅटचा फरक कानाला कळत नाही आणि स्पीकर जगतो. हायपास फिल्टर, म्हणजे खालचे सूर अडवणारा, १०० हर्ट्झवर. सव्वापाच इंची पडद्याकडून त्याखालचं काम करून घेणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं.

खडखड

आवाज वाढला की जुनी गाडी स्वतःही वाजायला लागते. मोबाईलवर ४० ते २०० हर्ट्झ हळूहळू चढणारा टोन लावला, मुलाला वाजवायला बसवलं आणि मी तळहातानं एकेक पत्रा दाबत फिरलो. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण ९० ला, वायपरचा दांडा १३० ला, आणि सगळ्यात जास्त सतावलं ते सीटमागे टाकलेल्या जॅकच्या टॉमीनं (दांड्यानं). ग्लोव्ह बॉक्समध्ये जुन्या घोंगडीचा तुकडा कापून अंथरला, टॉमी सायकलच्या ट्यूबमध्ये घातली. खर्च शून्य.

मग ऐकायला पन्हाळ्याच्या रस्त्याला. इक्वलायझर लावताना मी आधी आकाशवाणीच्या बातम्या ऐकतो, गाणी नंतर. निवेदिकेचा ‘स’ सळसळला तर ट्रेबल जास्त. ती घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटली तर २०० हर्ट्झच्या आसपास दोन घरं खाली. मग हलगी: काडीचा फटका सुटा, कोरडा ऐकू आला पाहिजे. इंजिनची घरघर खालच्याच सुरांत असते, त्यामुळे बेस वाढवून तिच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मधले सूर एक-दोन घरं उचला, चढावर दुसऱ्या गिअरमध्येही शब्द कळतात.

मे संपायच्या आत दरवर्षी अर्धा तास काढा. फ्यूजचं होल्डर उघडून बघायचं, ग्रोमेट जागेवर आहे का ते चाचपायचं, अर्थचा बोल्ट सोडवून पुन्हा आवळायचा आणि नवीन व्हॅसलिन लावायचं. मीटरवरचा आकडा मी डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवतो. यंदा तिसऱ्यांदा ०.०५ लिहिलं.